आईच्या डोळ्यातला चिंचोक्याच्या रंगाचा गाभा : मुक्त मूलके आणि त्यांना आवरणारी विकरे

मालवगंध (इंदूर), ११ जून, सकाळी ८.४०

गेल्या महिन्यात माझ्या आईच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. आईचे वय ८२. मोतीबिंदू फार पिकलेला असल्यामुळे यंत्राने फोडून शोषून घेण्याऐवजी छेद घेऊन भिंगाचा गाभा अख्खा बाहेर काढावा लागेल, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी तो गाभा मला एका लहान वाटीत दाखवला. मी बत्तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले, पण तो रंग पाहायची माझी तयारी नव्हती. मोतीबिंदू म्हणजे मोत्यासारखा पांढुरका, अशी माझी समजूत होती. हा गाभा मात्र चिंचोक्यासारखा गडद तपकिरी होता आणि चिमट्याने दाबला तरी दबत नव्हता.

तेव्हापासून या रंगाचा आणि या कठीणपणाचा शोध घेते आहे. जे समजले ते इथे मांडते. चुकले असेल तिथे जाणकारांनी दुरुस्त करावे.

नेत्रभिंगाच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग प्रथिनांचा असतो. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही ऊतीत प्रथिने इतकी दाटीवाटीने भरलेली नसतात. यातली बहुतेक प्रथिने क्रिस्टॅलिन या कुळातली असून त्यांचे अल्फा, बीटा आणि गॅमा असे प्रकार आहेत. इतकी दाटी असूनही भिंग पारदर्शक राहते, कारण ही प्रथिने अगदी नेटकी, ठरावीक अंतर राखून बसलेली असतात. प्रकाशाच्या वाटेत अडथळा नको म्हणून भिंगाच्या आतल्या पेशी आपले केंद्रक आणि इतर अंगके टाकून देतात. भिंगाला रक्तवाहिन्याही नाहीत, त्याचे बहुतेक पोषण पुढच्या नेत्रजलातून होते. या पारदर्शकतेची किंमत मोठी आहे. ज्या पेशीला केंद्रकच नाही, ती बिघडलेल्या प्रथिनाच्या जागी नवे प्रथिन घडवू शकत नाही. नवे पेशींचे थर जन्मभर बाहेरून चढत जातात आणि जुने आत दाबले जातात, त्यामुळे अगदी मधला गाभा जन्माआधी घडलेला, तोच शेवटपर्यंत टिकणारा.

याचा एक पुरावा मला फार विलक्षण वाटला. १९५० आणि १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे हवेतल्या कार्बन-१४ चे प्रमाण एकदम वाढले आणि पुढे हळूहळू उतरत गेले. डेन्मार्कमधील नील्स लिनेरुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मृत व्यक्तींच्या भिंगातील क्रिस्टॅलिनमधला हा कार्बन मोजला, तेव्हा त्यावरून त्या त्या व्यक्तीचे जन्मसाल काढता आले. म्हणजे माझ्या आईच्या भिंगाच्या गाभ्यातली प्रथिने तिच्याइतकीच, खरे तर तिच्याहून काही महिन्यांनी वडील आहेत. त्या वाटीत मी ८२ वर्षांपूर्वी घडलेले आणि एकदाही बदली न झालेले प्रथिन पाहत होते.

इतकी वर्षे या प्रथिनांना प्रकाश आणि प्राणवायू या दोघांनाही तोंड द्यावे लागते. इथे मुक्त मूलके येतात. वर्गात मी मुलींना फुगडीचे उदाहरण देत असे. रेणूतले इलेक्ट्रॉन जोडीजोडीने फुगडी घालत असतात. एखादी एकटी पडली की ती शेजारच्या जोडीतल्या एकीचा हात ओढते, मग त्या जोडीतली दुसरी एकटी पडते आणि ती पुढच्या जोडीकडे धावते. ज्या रेणूत असा एकटा इलेक्ट्रॉन असतो ते मुक्त मूलक. प्राणवायूपासून तयार होणारी सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल ही त्यातली प्रमुख मूलके.

भिंगाच्या प्रथिनांत ती दोन ठिकाणी विशेष घाला घालतात. सिस्टीन या अमिनो आम्लातल्या गंधकाच्या टोकांचे ऑक्सिडीकरण होऊन शेजारशेजारची प्रथिने एकमेकांना सांधली जातात आणि मेथिओनिनचे सल्फॉक्साइड बनते. गाभ्याच्या पिकलेल्या मोतीबिंदूत सिस्टीनचा नव्वद टक्क्यांहून अधिक आणि मेथिओनिनचा जवळपास निम्मा भाग असा बदललेला आढळतो. सांधलेली प्रथिने गोळा होतात, विरघळेनाशी होतात आणि प्रकाश विखुरतात. हे टाळण्यासाठी अल्फा-क्रिस्टॅलिन उलगडू लागलेल्या प्रथिनांना धरून ठेवते. त्याचे हे सांभाळण्याचे काम जोसेफ हॉर्विट्झ यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले. पण हा सांभाळणाराही नव्याने तयार होत नाही आणि वयाबरोबर त्याचा मुक्त साठा संपत जातो.

आता माझा खरा प्रश्न. आईचा डावा डोळा अजून बाकी आहे आणि त्यातही मोतीबिंदू आहेच. ओळखीतल्या तिघांनी 'अँटिऑक्सिडंट' कॅप्सूल सुचवल्या आहेत. भिंगात या मूलकांना आवरणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, आधीपासून असताना ती कमी कुठे पडतात? आणि जिथे ती कमी पडतात तिथपर्यंत तोंडावाटे घेतलेली कॅप्सूल पोहोचते का?

---

प्रयोगवही, ११ जून, रात्री ९.१०

मालवगंधताई, फार जिव्हाळ्याने लिहिले आहे. मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवतो, म्हणून आधी एक दुरुस्ती. हायड्रोजन पेरॉक्साइड हे मुक्त मूलक नाही, कारण त्यातले सगळे इलेक्ट्रॉन जोडीने आहेत. तुमच्या फुगडीच्या भाषेत सांगायचे तर तिथे कोणीही एकटी नाही. तरीही ते धोक्याचे आहे, कारण लोह किंवा तांब्याचा सुटा अणू भेटला की त्यातून हायड्रॉक्सिल मूलक निघते, आणि ते इतके उतावळे असते की जिथे जन्मते तिथेच समोर येईल त्या रेणूवर तुटून पडते. हायड्रॉक्सिलला आवरणारे विकर शरीरात नाही. म्हणून सगळे संरक्षण त्याच्या आधीच्या पायऱ्यांवर उभे आहे.

पहिली पायरी सुपरऑक्साइड डिसम्युटेजची. हे विकर दोन सुपरऑक्साइड एकत्र आणून एकाचा प्राणवायू आणि दुसऱ्याचा हायड्रोजन पेरॉक्साइड करते. याचा इतिहास विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो. १९३८ मध्ये मान आणि केलिन यांनी बैलाच्या रक्तातून एक निळसर ताम्रप्रथिन वेगळे केले होते. ते काय काम करते हे कोणालाच माहीत नव्हते, म्हणून ते तांबे साठवणारे प्रथिन असावे असे मानले गेले. एकतीस वर्षांनी, १९६९ मध्ये, जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी दाखवले की ते एक विकर आहे आणि सुपरऑक्साइड मोडणे हेच त्याचे काम आहे. सजीवांच्या शरीरात मुक्त मूलके खरोखर तयार होतात, ही गोष्ट अनेकांनी गांभीर्याने घेतली ती या शोधानंतर. डेनम हार्मन यांनी वार्धक्याशी मूलकांचा संबंध १९५६ मध्येच जोडला होता, पण तोवर ती कल्पनाच होती.

दुसरी पायरी पेरॉक्साइड मोडण्याची. तिथे दोन विकरे आहेत. कॅटालेज हे मोठा साठा एकदम मोडते. घरी पाहायचे असेल तर कापलेल्या कच्च्या बटाट्यावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार थेंब टाका. लगेच पांढरा फेस येतो, तो कॅटालेजने सोडवलेला प्राणवायू. तोच बटाटा उकडून घेतला तर फेस येत नाही, कारण उष्णतेने विकर मरते. दुसरे विकर ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. पेरॉक्साइड अगदी थोडे असते तेव्हा भिंगात याचेच काम मोठे. याच्या गाभ्यात सेलेनियमचा अणू असतो, हे १९७३ मध्ये कळले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. हे दुसरे विकर एकटे काही करू शकत नाही. त्याला ग्लुटाथायोन लागते. ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसिन या तीन अमिनो आम्लांची ती छोटीशी साखळी भिंगात फार मोठ्या प्रमाणात असते. पेरॉक्साइडचे पाणी करताना ग्लुटाथायोन स्वतः ऑक्सिडीकृत होते. त्याला पुन्हा पूर्वस्थितीत आणणारे तिसरे विकर म्हणजे ग्लुटाथायोन रिडक्टेज, आणि त्याला लागणारी शक्ती एन.ए.डी.पी.एच. या रेणूकडून येते, जो ग्लुकोज मोडताना तयार होतो. ही रहाटाची माळ आहे. एक पोहरा भरतो, दुसरा रिता होतो, आणि रहाट फिरता असेल तोवरच पाणी वर येते.

ग्लुटाथायोन तयार होते भिंगाच्या बाहेरच्या, जिवंत थरात. गाभ्यात ते तयार होत नाही, बाहेरून झिरपत आत जाते. ऑस्ट्रेलियातील स्वीनी आणि रॉजर ट्रस्कॉट यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की मध्यम वयानंतर भिंगात गाभ्याभोवती एक प्रकारचा अडसर तयार होतो आणि हे झिरपणे मंदावते. बाहेरच्या थरात ग्लुटाथायोन भरपूर आणि आतला गाभा मात्र कोरडा, अशी स्थिती येते. विहिरीला पाणी आहे, पण शेताच्या टोकाच्या वाफ्यापर्यंत पाट पोहोचत नाही. बाहेरून कॅप्सूल घेऊन विहीर आणखी भरली तरी त्या वाफ्याला उपयोग होईल, असे मानायला आधार नाही. शिवाय तोंडावाटे घेतलेले ग्लुटाथायोन बऱ्याच अंशी पचनमार्गातच मोडले जाते.

---

कमलपाकळी, १२ जून, सकाळी ११.०५

दोन्ही लेखन वाचून खूप समजले. एक शंका. डोळ्यात हे सगळे फक्त भिंगातच घडते का? माझ्या सासूबाईंना पीतबिंदूचा, म्हणजे दृष्टिपटलाच्या मधल्या भागाचा, त्रास आहे आणि डॉक्टरांनी तिथेही 'ऑक्सिडीकरण' हाच शब्द वापरला होता.

---

प्रयोगवही, १२ जून, सायंकाळी ७.३०

कमलपाकळी, दृष्टिपटलावर तर हे अधिक वेगाने घडते. फरक इतकाच की भिंगात घाला प्रथिनांवर पडतो आणि दृष्टिपटलावर मुख्यतः मेदांवर.

आपल्या घरी जवस असते. अख्खे जवस महिनोन्महिने टिकते, पण कुटून ठेवले किंवा तेल काढले की काही दिवसांत त्याला खवट वास येऊ लागतो. जवसाच्या तेलातल्या मेदाम्लात अनेक दुहेरी बंध असतात आणि प्राणवायू त्यांच्यावर लवकर चढतो. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, आणि साखळी चालू राहते. आता असे पाहा की दृष्टिपटलातल्या प्रकाशग्राही पेशींच्या बाह्य टोकांच्या पटलांत डी.एच.ए. हे मेदाम्ल फार मोठ्या प्रमाणात असते, आणि त्यात तर सहा दुहेरी बंध असतात. म्हणजे जवसाहूनही लवकर खवट होणारा पदार्थ, तोही अशा जागी जिथे दिवसभर प्रकाश पडतो आणि जिथली ऊती वजनाच्या मानाने शरीरात सर्वांत जास्त प्राणवायू वापरणाऱ्यांपैकी आहे.

म्हणून तिथे दोन व्यवस्था आहेत. एक म्हणजे पटलात मुरलेले ई जीवनसत्त्व, जे साखळी तोडते आणि मग क जीवनसत्त्वाकडून पुन्हा ताजे होते. दुसरी म्हणजे दुरुस्तीपेक्षा बदली. प्रकाशग्राही पेशी आपल्या बाह्य टोकाचा सुमारे दहावा भाग रोज टाकून देतात आणि मागच्या रंजकथरातील पेशी तो गिळतात. भिंगाला जी सोय नाही ती इथे आहे. मात्र गिळलेल्यातले जे पचत नाही ते लिपोफ्युसिन म्हणून आयुष्यभर त्या पेशींत साचत राहते, आणि त्यावर निळा प्रकाश पडला की तेच नवी मूलके आणि उत्तेजित प्राणवायू तयार करू लागते.

पीतबिंदूचा पिवळा रंग हीसुद्धा संरक्षणाचीच व्यवस्था. तो ल्युटिन आणि झीॲक्झँथिन या रंजकद्रव्यांचा. ती निळा प्रकाश आधीच गाळतात आणि उत्तेजित प्राणवायूला शांत करतात. शरीर ती स्वतः बनवत नाही, आहारातूनच यावी लागतात. पालक, मेथी, राजगिऱ्याची पाने, अंड्याचा बलक आणि पिवळा मका यांत ती आहेत. तेलातुपाबरोबर ती चांगली शोषली जातात, त्यामुळे आपला तुपात परतलेला भुट्ट्याचा कीस या दृष्टीने उत्तम जमून आलेला पदार्थ आहे.

---

पिथमपूर_दुसरी_पाळी, १३ जून, रात्री ११.५०

मी कारखान्यात पर्यवेक्षक आहे. प्रयोगवही सरांनी लोहाच्या सुट्या अणूचा उल्लेख केला, तो वाचून मला राहवले नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्या विभागातला एक तरुण फिटर छिन्नीवर हातोडा मारत असताना त्याच्या डोळ्यात काहीतरी टोचले. चष्मा कपाळावर चढवलेला होता. थोडे पाणी आले, थोडी लाली आली, पण दिसायला पहिल्यासारखेच दिसत होते. त्याला जिथे नेले तिथे डोळा धुऊन थेंब दिले आणि घरी पाठवले. एक्स-रे कोणी काढला नाही आणि काढायला हवा हे आम्हालाही ठाऊक नव्हते. दीड वर्षाने तो मला सांगू लागला की रात्रपाळीला येताना त्या बाजूचे कमी दिसते. मी त्याला उजेडात उभे करून पाहिले तर त्या डोळ्याची बुबुळे दुसऱ्यापेक्षा गडद, गंजासारखी दिसत होती. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर कळले की ज्वारीच्या दाण्याच्या चौथाईइतकी लोखंडाची कपची आत बसली होती. ती काढली, भिंगही काढले, पण दृष्टिपटलाचे जे गेले ते आले नाही.

सर, हाच तो लोहाचा परिणाम का? तेव्हा डॉक्टरांनी 'आत गंज चढला' इतकेच सांगितले होते आणि मला ते शब्दशः खरे वाटले नव्हते.

---

प्रयोगवही, १४ जून, सकाळी ६.५५

ते जवळजवळ शब्दशः खरे आहे. या विकाराला सिडेरोसिस म्हणतात. डोळ्यातल्या लोखंडाच्या कणातून लोह हळूहळू विरघळते आणि भिंगाच्या बाह्यथरात, परितारिकेत (बुबुळाच्या रंगीत पडद्यात), दृष्टिपटलाच्या पेशींत साठते. डोळ्याच्या आत पेरॉक्साइड नेहमीच थोडे थोडे तयार होत असते आणि निरोगी डोळ्यात ते विकरांच्या हाती सापडते. सुटे लोह तिथे आले की विकर पोहोचण्याआधीच त्या पेरॉक्साइडचे हायड्रॉक्सिल मूलक होते. या अभिक्रियेला हेन्री फेंटन यांचे नाव आहे, त्यांनी १८९४ मध्ये ती नोंदवली. शरीर एरवी लोहाला कधी सुटे सोडत नाही. रक्तात ट्रान्सफेरिन, पेशीत फेरिटिन आणि अश्रूंत लॅक्टोफेरिन अशी त्याला धरून ठेवणारी प्रथिने असतात. हा कण या सगळ्या पहारेकऱ्यांना ओलांडून थेट आत जातो.

आपण लिहिले ते प्रत्येक कारखान्यात वाचले जावे. धातूवर धातू आपटताना डोळ्यात काही गेल्याची शंका आली, तर दिसणे स्वच्छ असले तरी आत कण आहे का याची तपासणी झालीच पाहिजे, आणि ती होईपर्यंत एम.आर.आय. करू नये, कारण त्या चुंबकाने लोखंडाचा कण आतल्या आत सरकतो.

---

निशिगंध_४५२, १४ जून, दुपारी ३.२०

मला मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली. मधुमेहींना मोतीबिंदू लवकर होतो असे सगळेच सांगतात, पण का होतो हे कोणी नीट सांगत नाही. साखरेचा आणि मूलकांचा काय संबंध?

---

मालवगंध, १४ जून, रात्री ८.१५

निशिगंध, याचे उत्तर सरांनी सांगितलेल्या रहाटातच आहे असे मला वाचताना जाणवले, म्हणून मी प्रयत्न करते. भिंगात ग्लुकोज वाढले की आल्डोज रिडक्टेज नावाचे विकर त्याचे सॉर्बिटॉल करू लागते. या कामासाठी ते एन.ए.डी.पी.एच. खर्च करते, म्हणजे ग्लुटाथायोनला पुन्हा ताजे करण्यासाठी जो रेणू लागतो, नेमका तोच. एकाच टाकीला दोन नळ लागले की दोन्हींची धार बारीक होते. सॉर्बिटॉल भिंगाबाहेर सहज पडत नाही, आत पाणी ओढते, आणि भिंगाचे तंतू फुगतात. त्याखेरीज ग्लुकोज थेट प्रथिनांना चिकटते आणि त्यातूनही मूलके सुटतात. साखर ताब्यात ठेवणे म्हणजे ग्लुटाथायोनच्या रहाटाला हात लावू न देणे, असे मी आता समजते.

---

निरामय, १५ जून, सकाळी १०.००

चर्चा उत्तम आहे, परंतु कॅप्सूल निरुपयोगी आहेत असा जो सूर निघतो आहे त्याला माझी हरकत आहे. माझ्या वडिलांना पीतबिंदूचा मध्यम अवस्थेतला ऱ्हास आहे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ते तीन वर्षांपासून त्या घेत आहेत. या गोष्टीची चाचणी झालेली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने एरेड्स नावाची मोठी चाचणी घेतली आणि २००१ मध्ये तिचे निष्कर्ष आले. क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व ४०० एकके, बीटा कॅरोटिन १५ मिलिग्रॅम, जस्त ८० मिलिग्रॅम आणि तांबे २ मिलिग्रॅम असे रोज घेणाऱ्यांत ऱ्हास गंभीर अवस्थेत जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. हे कसे नाकारायचे?

---

प्रयोगवही, १५ जून, रात्री ९.४०

निरामय, आपली हरकत योग्य आहे आणि मी ती मान्य करतो. माझे विधान भिंगाच्या गाभ्यापुरते होते, ते मी स्पष्ट लिहायला हवे होते. दृष्टिपटलाला भरपूर रक्तपुरवठा आहे, तिथे आहारातले घटक पोहोचतात.

पण त्याच चाचणीचे दुसरे निष्कर्षही सोबत ठेवले पाहिजेत. याच कॅप्सूलचा मोतीबिंदूवर काहीही परिणाम दिसला नाही. फायदा दिसला तो ज्यांचा ऱ्हास मध्यम अवस्थेत पोहोचला होता किंवा एका डोळ्यात गंभीर झाला होता त्यांना. निरोगी डोळ्याच्या माणसाने त्या घ्याव्यात असा तिचा अर्थ होत नाही. बीटा कॅरोटिनबद्दल तर सावधच राहावे. १९९४ मध्ये फिनलंडच्या चाचणीत धूम्रपान करणाऱ्यांत ते घेतल्याने फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला होता. म्हणूनच २०१३ मध्ये निष्कर्ष आलेल्या दुसऱ्या एरेड्स चाचणीत त्याच्या जागी ल्युटिन १० आणि झीॲक्झँथिन २ मिलिग्रॅम हा पर्याय तपासला गेला आणि तो अधिक सुरक्षित ठरला. वडिलांच्या डबीवर बीटा कॅरोटिन लिहिले आहे का, हे एकदा पाहावे. पूर्वी विडी-सिगारेट ओढलेली असेल तर आवर्जून.

जे थोडे हिताचे ते जास्त घेतल्याने अधिक हिताचे होते, ही समजूत या विषयात वारंवार खोटी ठरलेली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत गॅलॅक्टोजमुळे मोतीबिंदू होणाऱ्या उंदरांना हळदीतले कर्क्युमिन खाद्यातून दिले, त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. खाद्यात ०.००२ टक्के कर्क्युमिन असताना मोतीबिंदू लांबला. ०.०१ टक्के केल्यावर तो उलट लवकर आला. सेलेनियमचे तर त्याहून ठळक उदाहरण आहे. ज्या सेलेनियमशिवाय ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज चालत नाही, त्याच सेलेनियमचा क्षार उंदराच्या पिल्लांना जास्त टोचला की काही दिवसांत त्यांना मोतीबिंदू होतो. प्रयोगशाळेत मोतीबिंदू घडवून आणायची ती एक नेहमीची पद्धत आहे.

---

कमलपाकळी, १६ जून, दुपारी १२.४५

मोतीबिंदू विरघळवणारे थेंब म्हणून काही जाहिराती येतात, त्यात कार्नोसिन हे नाव असते. त्याचे काय?

---

प्रयोगवही, १६ जून, दुपारी २.१०

एन-ॲसिटिलकार्नोसिनच्या थेंबांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये आढावा घेतला. ते मोतीबिंदू परतवतात किंवा थोपवतात याचा खात्रीलायक पुरावा त्यांना मिळाला नाही. पैसे घालवू नयेत.

---

शिप्राकाठ, १७ जून, सकाळी ७.२५

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण याच विषयातला आहे. माझ्या काकूंच्या दृष्टिपटलाला छिद्र पडले होते, त्यासाठी डोळ्याच्या मागच्या भागातला काचेसारखा गर काढून टाकावा लागला. शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांनी सांगून ठेवले होते की साठीनंतर हा गर काढला की बहुतेकांना दोन वर्षांत मोतीबिंदू होतो. तसेच झाले, चौदाव्या महिन्यात. भिंगाला कोणी हात लावला नव्हता, तरी ते पिवळे होत गेले. मला याचे फार आश्चर्य वाटले होते.

---

प्रयोगवही, १७ जून, रात्री १०.३०

शिप्राकाठ, आपण फार महत्त्वाची गोष्ट मांडली. भिंगाचे एक मोठे संरक्षण विकरांत नसून त्याच्याभोवती प्राणवायू जवळजवळ नसण्यात आहे. दृष्टिपटलाजवळ प्राणवायू भरपूर, भिंगाच्या मागे अत्यल्प, आणि या दोघांच्या मधला गर त्याला पुढे येऊ देत नाही. अमेरिकेतील सेंट लुईस येथील नॅन्सी होलेकॅम्प, डेव्हिड बीबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की हा गर नुसता भिंतीसारखा उभा नसतो, त्यातले क जीवनसत्त्व प्राणवायू खाऊन टाकते. गर काढला किंवा वयामुळे तो पाणीदार झाला की प्राणवायू भिंगापर्यंत जातो आणि गाभ्याचे ऑक्सिडीकरण सुरू होते.

याला दुजोरा देणारी जुनी नोंदही आहे. १९८४ मध्ये स्वीडनमधून अशा रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली, ज्यांना न भरणाऱ्या जखमांसाठी वाढीव दाबाच्या कक्षात दीर्घकाळ शुद्ध प्राणवायू दिला होता. ज्या पंधरा जणांची भिंगे आधी स्वच्छ होती त्यांतल्या सात जणांना उपचाराच्या काळात गाभ्याचा मोतीबिंदू झाला.

म्हणून मालवगंधताईंच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे की डोळ्याच्या आतली फौज वाढवणे आपल्या हातात फारसे नाही, बाहेरचा हल्ला कमी करणे मात्र आहे. तंबाखूच्या धुराचा गाभ्याच्या मोतीबिंदूशी संबंध पुन्हा पुन्हा आढळला आहे. अमेरिकेतील चेसापीक उपसागरावरच्या ८३८ नावाड्यांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांच्या डोळ्यांवर अतिनील-ब किरण जास्त पडले, त्यांना भिंगाच्या बाहेरच्या थराचा मोतीबिंदू जास्त झालेला दिसला. आपले इंदूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, जून-जुलै मिळून सूर्य आपल्या माथ्यावरून दोनदा जातो. काठ असलेली टोपी आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा यांना इथे पर्याय नाही. आईंच्या वयात मात्र जो मोतीबिंदू पिकला आहे त्याला शस्त्रक्रिया हेच उत्तर. ते लांबवू नये.

---

मालवगंध, १९ जून, सकाळी ९.३०

सर, शस्त्रक्रिया लांबवायची नाही हे पक्के केले आहे. कॅप्सूल आणलेल्या नाहीत.

काल एक गोष्ट घडली ती सांगते. आईकडे एक जुनी महेश्वरी साडी आहे. ती काळी आहे असे ती कित्येक वर्षे म्हणत असे आणि सणासुदीला नको म्हणून बाजूला ठेवत असे. काल ती वाळत घातलेली असताना आई अंगणात आली आणि थबकली. मग तिने तळहाताने डावा डोळा झाकला, नंतर उजवा झाकला, पुन्हा डावा. 'अगं, ही निळी आहे,' म्हणाली. साडी गडद निळीच आहे, तिला काठाला जांभळी छटा आहे. डाव्या डोळ्याने ती आईला अजूनही काळपट तपकिरी दिसते. गाभ्यातला तो तपकिरी रंग नेमका कोठून येतो? प्रथिने गोळा झाल्याने पांढरेपण यावे, रंग का यावा?

---

प्रयोगवही, १९ जून, रात्री ८.५०

ताई, तो रंग ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या वंशातला. भिंग तरुणपणी ट्रिप्टोफॅनपासून कायनुरेनिन गटातले रेणू मुद्दाम बनवते, ते अतिनील किरण गाळून दृष्टिपटलाचे रक्षण करतात. ग्लुटाथायोन भरपूर असते तोवर या रेणूंचे मोडके तुकडे ते आपल्याकडे बांधून घेते. गाभ्यापर्यंत ते पोहोचेनासे झाले की हे तुकडे क्रिस्टॅलिनला चिकटतात. प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅनचेही ऑक्सिडीकरण होऊन तशीच रंगीत द्रव्ये बनतात. आधी पिवळा, मग केशरी, मग चिंचोक्याचा रंग. हे सगळे रंग निळा प्रकाश शोषतात, म्हणून आईंना निळे काळे दिसत होते. दृष्टिपटलाला वाचवण्यासाठी बनलेला रेणूच, त्याला सांभाळणारे ग्लुटाथायोन आटल्यावर, भिंगाला डागाळतो.

---

मालवगंध, २० जून, सकाळी ७.४५

आईला वाचून दाखवले. तिने दोनदा वाचायला लावले. डाव्या डोळ्यासाठी २८ तारीख मिळाली आहे. तोही गाभा वाटीत ठेवा, असे डॉक्टरांना सांगून ठेवले आहे. या वेळी आईला तो स्वतःच्या उजव्या डोळ्याने पाहायचा आहे.